वडा तेल कधी पितो

पाऊस नुकताच उघडलाय. लालबागच्या उड्डाणपुलाखाली तात्यांची गाडी लागलीय, शेगडी पेटलीय आणि कढईतलं तेल अजून गप्प आहे. पुलाचं आयतं छप्पर असूनही वर निळं प्लास्टिक ताणलेलंच, कारण पुलाच्या सांध्यातलं पाणी नेमकं कढईवर गळतं. चार वाजत आलेत. वहिनी स्टुलावर बसून बटाट्याच्या भाजीचे गोळे वळतायत. गोळा दाबायचा, तळव्यात फिरवायचा, वरून किंचित चपटा करायचा, परातीत ठेवायचा. एकाही गोळ्याला चीर दिसत नाही. चीर राहिली की वडा तेलात फुटतो आणि एक फुटला की अख्खा घाणा नासतो, हे त्या मान वर न करताच सांगतात.

तात्या पिठात बोट बुडवून एक थेंब तेलात टाकतात. थेंब तळाशी जातो आणि तिथेच बसून राहतो. “नाय अजून.” जरा वेळाने दुसरा थेंब. हा अर्ध्या वाटेवरून वर येतो, कडेने बुडबुडे काढत गरगर फिरतो. “आता येतंय.” तिसरा थेंब पडल्या पडल्या तरंगतो, फुलतो. तात्या शेगडीची चावी थोडी मागे घेतात.

माझी भाची पिशवीतून एक लांब सुईचा थर्मामीटर काढते. ती अन्नशास्त्रात एम.एस्सी. करतेय आणि तळणीच्या पदार्थांवर प्रकल्प लिहितेय. माझी तात्यांशी ओळख जुनी, म्हणून मला मध्ये घातलंय.

“हे काय काढलंत?”

“थर्मामीटर, तात्या. तेलात धरू का?”

“धरा की. तेलाला ताप आलाय का बघा.”

रांगेतला एक टॅक्सीवाला खो खो हसतो. काट्यावर १७८ अंश दिसतात. भाची आकडा वहीत लिहिते आणि जरा हिरमुसते. पुस्तकात तळणीसाठी १७० ते १९० लिहिलंय, आणि तात्यांनी तो आकडा पिठाच्या थेंबाने काढलाय.

पीठ आता शेवटचं फेटून घेणं चाललंय. बेसन, हळद, मीठ, हिंग, हातावर चुरडलेला ओवा, मूठभर तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी. तात्या पाची बोटं पातेल्यात घालून दणादण फेटतात, पीठ कोपरापर्यंत उडतं. सोडा घालत नाही का, असं भाची विचारते.

“सोड्याने वडा फुगतो, दिसायला बरा दिसतो. पण तेल पितो.”

“बरोबर,” भाची उत्साहाने सांगायला लागते, “सोड्यातून वायू सुटतो, पिठात बारीक बारीक पोकळ्या होतात, मग त्या पोकळ्यांत तेल...”

“मी तेच बोललो ना.”

इतकं दणकून फेटणं बेसनालाच मानवतं. हरभऱ्यात ग्लूटेन नाही, त्यामुळे पीठ कितीही फेटलं तरी चिवट होत नाही, उलट हवा भरून हलकं होतं. मैद्याचं पीठ असं फेटलं असतं तर वड्याला चामड्याची साल आली असती. म्हणून टेंपुरा करणारा जपानी आचारी बर्फाचं पाणी घेतो, पीठ काड्यांनी जेमतेम ढवळतो, आणि गुठळ्या राहिल्या तर राहू देतो. पिठात बुडवून तळायची रीत जपानात रुजली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीज व्यापारी आणि पाद्री नागासाकीकडे पोचले तेव्हा. त्याच पोर्तुगीजांच्या गलबतांनी आपल्या किनाऱ्यावर बटाटा आणला, मिरची आणली, पाव भाजायची रीत आणली. तात्यांच्या गाडीवरचं निम्मं सामान त्या एका वळणाने आलेलं आहे. डाळीचा वडा मात्र इथला, आणि चांगला जुना. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’तही वडे आहेत. बटाट्याच्या पोटात शिरायला त्याला पुढे काही शतकं थांबावं लागलं, एवढंच.

पीठ झालं की नाही हे ठरवायला तात्या एक बोट पिठात घालून उभं धरतात. बोटाची कातडी दिसता कामा नये, आणि ओघळणारी धार मध्येच तुटता कामा नये. पीठ पातळ पडलं तर गोळ्यावरून निसटतं, बटाटा उघडा पडतो आणि तेलात विखरायला लागतो. घट्ट झालं तर वडा खाणाऱ्याच्या तोंडात पिठाचा लगदा येतो.

आता वडे सोडायचे. गोळा पिठात लोळवून चार बोटांवर उचलतात, जास्तीचं पीठ पातेल्याच्या काठाला निपटतात, हात तेलाच्या अगदी जवळ नेतात आणि कडेने सरकवून देतात. हात तेलापासून एक पेरभर लांब असेल नसेल. बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. मागे पिठाचे चार-दोन तंतू गळतात, तेलात पडल्या पडल्या सोनेरी मोत्या-शेवया होतात. तो चुरा. त्याच्याकडे नंतर येऊ.

घाणा भरल्यावर काट्यावरचा आकडा झरझर उतरतो आणि १५६ वर जाऊन थांबतो. तात्यांनी काट्याकडे बघितलेलंही नाही, पण आवाज बसलेला त्यांना कळलाय. ते चावी पुढे करतात. आवाज चढतो.

“मावशी, हा आवाज पाण्याचा आहे,” भाची माझ्या कानाशी येऊन सांगते. कढईपाशी हळू बोलून काही ऐकू येत नाही. पिठातलं पाणी शंभर अंशाला उकळतंय, त्याची वाफ होतेय आणि ती वडा फोडून बाहेर पडतेय. सगळे बुडबुडे त्या वाफेचे. वाफ आतून बाहेर ढकलत असते, तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाटच मिळत नाही. पिठाचा बाहेरचा थर मात्र कोरडा होत जातो, तेलाइतका तापायला लागतो, लाल होतो. त्याच्या आतला ओला थर शंभराच्या वर चढूच शकत नाही, आणि त्याच्याही आत बटाटा आहे.

हे मला नीट पटत नाही, म्हणून पहिला वडा बाहेर आल्यावर ती सरळ त्याच्या पोटात सुई खुपसते. ७१ अंश. १७०च्या तेलातून मिनिटापूर्वी निघालेला वडा, आणि आत ७१! बटाटा तळलेला नाहीच. तो आधी कुकरमध्ये उकडलाय आणि आता पिठाच्या आत वाफेवर नुसता गरम झालाय. तळला गेलाय तो बेसनाचा पापुद्रा. सगळा जाळ त्याने सोसलाय, म्हणून आत आलं-लसणाचा वास जसाच्या तसा आहे आणि कोथिंबीर हिरवी आहे.

या पापुद्र्याचा आणखी एक फायदा आहे. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना बटाट्याचे वेफर्स, फ्रेंच फ्राइज असल्या पदार्थांत अ‍ॅक्रिलामाइड सापडलं आणि जगभर खळबळ उडाली. पिष्टमय पदार्थ साधारण १२० अंशाच्या वर कोरडे तापले की त्यातली साखर आणि अ‍ॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल एकत्र येऊन ते तयार होतं. बटाट्यात ही दोन्ही भरपूर. वड्यातल्या बटाट्याला ती आच लागतच नाही. पापुद्रा लागेल तेवढा लाल करायचा, काळपट होऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य उरतं. ते तात्या पाळतात. “काळा वडा कोण खाणार?” हा त्यांचा त्यामागचा विचार.

बुडबुडे मंदावतात. आवाज बारीक होतो. तात्या झारा घालतात, आणि ज्याच्यासाठी भाची आली होती ते इथे घडतं, तिच्याही लक्षात न येता.

तात्या झाऱ्यात चार वडे घेतात, झारा तेलाच्या वर तिरका धरतात, कढईच्या काठावर दोनदा आपटतात. मग तसाच धरून ठेवतात. वहिनी तेवढ्यात एक पाव चिरून दोन्ही बाजूंना चटणी लावतात. तोवर झारा हवेत. मग वडे जाळीच्या चाळणीत पडतात, एकावर एक न येता, कडेकडेने. गिऱ्हाईक ओरडतंय, “तात्या, बस झालं, द्या की!” तात्या ढिम्म.

पुढचा घाणा तात्यांचा पुतण्या काढतो. तो कॉलेजात आहे, सुट्टीपुरता येतो, मोबाइल त्याच्या खिशात दर मिनिटाला गुरगुरतो. तो वडे कढईतून काढतो आणि लगेच स्टीलच्या परातीत ओततो. वड्यावर वडा, खाली तेलाचं तळं.

भाची दोन्हीकडचा एकेक वडा मागून घेते. कागदी रुमाल चौपदरी घडी करून प्रत्येकाखाली एक ठेवते, वरून एक, आणि तळव्याने हलकेच दाबते. तात्यांच्या वड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा डाग पडतो. पुतण्याच्या वड्याखाली रुमाल आरपार पारदर्शक होतो, त्यातून गाडीच्या पत्र्यावरची अक्षरं वाचता येतात. तेच पीठ, तेच तेल, दहा मिनिटांच्या अंतराने तळलेले.

पुतण्या बघतो, तात्या बघतात. कोणी काही बोलत नाही, पण मोबाइल खिशातून निघून गाडीच्या फळीखाली जातो.

आपण सगळे म्हणतो, वडा कढईत तेल पितो. खरं तर बरंचसं तेल तो कढईच्या बाहेर आल्यावर पितो. वर आला तेव्हा त्याच्या अंगावर तेलाची ओली साय असते आणि पापुद्र्यातल्या बारीक भोकांत वाफ कोंडलेली असते. वडा निवायला लागतो तशी त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, भोकं रिकामी पडतात आणि बाहेरचं तेल आत ओढलं जातं. अंगावर तेल असेल तेवढं आत जाणार. म्हणून ते वडा गरमागरम असतानाच गळून जायला हवं. गरम तेल पाण्यासारखं पातळ असतं, झटक्यासरशी सुटतं. तेच निवलं की दाट होतं आणि चिकटून बसतं. हा सगळा खेळ पाव चिरून चटणी लावण्याएवढ्या वेळात संपतो. ‘तेल तापलेलं नसलं की वडा तेल पितो’ हेही खोटं नाही, थंड तेलात पापुद्रा धरायला उशीर लागतो. पण तेल उत्तम तापवून वडे परातीत ओतणारी घरं मी पुष्कळ पाहिलीत, आणि त्या घरांत डॉक्टरांच्या तेलबंदीवर मोठमोठी भाषणंही ऐकलीत. झारा दोन घटका धरा, असं त्या भाषणांत कधी ऐकलं नाही.

एक गिऱ्हाईक दोन खेकडा भजी मागतं. ती नाहीत, पावसाळ्यात कांदा ओला येतो म्हणून तात्या करत नाहीत. बरंच झालं, असं भाची पुटपुटते. तेल शिरतं ते पृष्ठभागातून. गोल वड्याला पोट मोठं आणि त्या मानाने अंग कमी. खेकडा भजी म्हणजे नुसते पाय, चहूबाजूंनी तेलाला सामोरे. एक वडा आणि तेवढ्याच वजनाची भजी घेतली तर भजी कितीतरी जास्त तेल पोटात नेतात.

आणि मग चुरा. त्याला तर पोटच नाही, तो शंभर टक्के पापुद्रा. पिठाचे ते थेंब पूर्ण वाळेपर्यंत तेलात तरंगलेले, मग झाऱ्याने गोळा करून एका डब्यात ढीग घातलेले, निथळायला जागाच नाही. गाडीवर त्याच्याइतकं तेलकट काही नाही, आणि तो फुकट आहे. गेल्या अर्ध्या तासात ‘चुरा जास्त टाका’ असं न म्हणालेला माणूस विरळा. तात्या चिमटीने चिमटीने टाकतात, पैसे न घेता. मीही मागते. भाची माझ्याकडे रागाने बघते आणि माझ्या कागदातला अर्धा चुरा खाऊन टाकते.

हिशेब करायचाच तर असा. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, पिठाच्या किंवा बटाट्यातल्या पिष्टाच्या ग्रॅमला चार. चहाचा एक चमचा तेल म्हणजे चाळीसेक कॅलरी. वड्यात असे दोन चमचे गेले असं धरलं तर ऐंशी, आणि ते दोनाचा एक करणं झाऱ्याच्या हातात आहे. बैठं काम करणाऱ्याला दिवसभरात वरून घातलेलं तेल-तूप २० ते २५ ग्रॅम पुरे, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. त्यात दोन वडापाव बसतात, पण मग रात्रीच्या फोडणीला फार काही उरत नाही. बाकी वडापावाला अगदीच टाकाऊ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बेसनात वजनाच्या वीसेक टक्के प्रथिनं असतात. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं ते हरभरा भरून काढतो, म्हणजे वडा आणि पाव ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही जोडी आहे. फक्त वड्यावर बेसन असतं पापुद्र्याएवढं आणि पाव असतो मुठीएवढा मैदा, चोथा जवळजवळ नाही. त्यामुळे पोट पटकन भरतं आणि दोन तासांत पुन्हा मागायला लागतं. मीठ पावात, चटणीत, भाजीत आणि तळलेल्या मिरचीवर, अशा चार दारांनी येतं. त्याकडे कोणी बघत नाही, सगळे तेलाच्याच मागे.

कागदाचंही बोलायला हवं. वहिनी जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन वापरतात. शाईतली रसायनं गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली तसं न करण्याचा सल्ला दिला आणि २०१८च्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधायला बंदीच घातली. भाची हे सांगते तेव्हा वहिनी म्हणतात, कोरा कागद महाग पडतो गं. वडापाव दोन रुपयांनी वाढवा, मी सुचवते. रांगेतला टॅक्सीवाला माझ्याकडे असा बघतो की मी विषय बदलते.

साडेपाच वाजलेत. आता रांगेत ऑफिसची माणसं जास्त. तात्यांचे वडील पलीकडच्या एका कापड गिरणीत होते. हल्ली तिथे काचेचा उंच टॉवर आहे आणि तळमजल्यावर पिझ्झा मिळतो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि कित्येक घरांत पुन्हा पगार आलाच नाही. त्यानंतर गिरणगावात ज्या गाड्या लागल्या त्यांतली एक ही. वडापाव त्याआधीचा, १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी तो पहिल्यांदा विकला असं सांगितलं जातं. पण खायला सोपा, हातात धरून चालता येणारा, एका पाळीपुरतं पोट भरणारा हा पदार्थ रुजला तो गिरणीच्या भोंग्यांच्या आधाराने. कापूस कातणाऱ्या गावांना तळणीच्या गाड्या लागतातच की काय कोण जाणे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी पसरल्या त्याही लँकेशायरच्या गिरणी कामगारांत, आणि दुसऱ्या महायुद्धात बहुतेक सगळ्या अन्नाचं रेशनिंग झालं तरी तिथल्या सरकारने त्यांना हात लावला नाही.

माशावरून आठवलं. समोरच्या गल्लीत काकींची खानावळ आहे आणि तिथे पिठाची दुसरी जात बघायला मिळते, कोरडी. आम्ही रस्ता ओलांडतो.

काकींच्या ओट्यावर बोंबील पाट्याखाली दाबून ठेवलेत. बोंबलात मांस कमी आणि पाणीच जास्त; दाबलं नाही तर तव्यावर त्याची खीर होते. पाटा उचलल्यावर खालचं पाणी ताटलीभर निघतं. काटा काढून उघडलेले, चपटे, जवळजवळ पारदर्शक बोंबील. त्यांना कोकमाचं आगळ, हळद, मालवणी मसाला, मीठ. एका थाळ्यात जाड रवा आणि तांदळाचं पीठ. काकी बोंबील रव्यात ठेवतात, वरून रवा पसरतात, तळव्याने एकदाच दाबतात, उचलून झटकतात आणि तडक तव्यावर.

“आधी घोळवून ठेवले तर?” भाची विचारते.

“तर रवा भिजतो बाय. मग तो तव्याला चिकटतो आणि म्हावरं नागडं होतं.”

इथे कढई नाही, तवा आहे, बोंबील अर्धाच तेलात बुडालेला. रव्याचे दाणे माशाच्या अंगचं पाणी धरून बसतात आणि त्यांच्या टोकांना आधी रंग येतो. बेसनाचा पापुद्रा सलग असतो, रव्याचा खडबडीत, दाण्यादाण्याचा. म्हणून बोंबील चावताना आधी आवाज येतो आणि मग जिभेवर जवळजवळ काहीच नसतं. पारशी कटलेटवाले क्रम उलटा करतात, आधी पावाचा चुरा आणि शेवटी फेटलेलं अंडं, त्यामुळे कटलेटच्या कडेने अंड्याची फेसाळ झालर फुलते. काकींना हे सांगितल्यावर त्या तोंड वाकडं करतात. अंडं कशाला, माशाला माशाची चव आहे ना.

रव्याची एक खोड मात्र आहे. घोळवलेल्यातले काही दाणे सुटतात, तव्यात मागे राहतात आणि पुढच्या बोंबलाच्या वेळी काळे होतात. काकी दोन खेपांनंतर तवा पुसून नवं तेल घालतात. ते परवडतं, कारण तव्यात तेल वाटीभरच असतं. तात्यांच्या कढईत चार-पाच लिटर आहे, तिथे प्रश्न वेगळा होतो.

आम्ही परत येतो तेव्हा सात वाजून गेलेत आणि कढईकडे बघूनच दिवस कळतो. दुपारचे बुडबुडे मोठे होते, आले की फुटायचे. आताचे बारीक आहेत, काठाला चिकटून राहतात, फेस धरतात. तेल मधासारख्या रंगाचं झालंय. दाट झालेलं असं तेल वड्यावरून नीट निथळत नाही, म्हणजे संध्याकाळचा वडा, झारा कितीही धरला तरी, दुपारच्यापेक्षा तेलकटच निघणार. वारंवार तापलेल्या तेलात जे विघटित पदार्थ साठत जातात त्यांची मर्यादा २५ टक्के, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८पासून देशभर लागू आहे. मर्यादा ओलांडली की ते तेल माणसाने खायचं नाही. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते; तात्यांसारख्यांना नोंद नाही, मर्यादा मात्र आहेच. ती मोजायचं यंत्र गाडीवर कुठून असणार? भाचीच्या कॉलेजात एक आहे, ते प्रयोगशाळेच्या बाहेर न्यायची परवानगी नाही.

“तात्या, उरलेलं तेल काय करता?”

“आधी उद्या वरून नवं घालायचो. दोन वर्षं झाली, बंद केलं. घरात बायपास झाली ना.” ते वहिनींकडे बघत नाहीत. “आता एक पोरगा येतो डबा घेऊन. डिझेल करतात म्हणे.”

डिझेल खरंच करतात. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवायची सरकारी योजना २०१८च्या ऑगस्टपासून आहे आणि तिच्यात नोंदलेले संकलक हॉटेलांतून तेल नेतात. पण डबा घेऊन येणारा प्रत्येक पोरगा त्यांच्यातलाच असतो असं नाही. गाळून, थोडं नवं मिसळून हेच तेल पुन्हा स्वस्तात विकलं गेल्याच्या बातम्या येत असतात. भाची विचारते, त्याने पावती दिली का? तात्या पत्र्याच्या पेटीतून चुरगळलेले कागद काढतात. वरच्या दोनांवर शिक्का आहे, खालच्या तिसऱ्यावर नाही. ती तिन्हींचे फोटो काढते. “बिनशिक्क्याची घेऊ नका तात्या.” तात्या तो कागद निरखून बघतात आणि पुतण्याला हाक मारतात. हा कागद त्याने घेतला होता असं दिसतंय, कारण पुढची दोन मिनिटं त्याला चांगलंच ऐकावं लागतं.

शेवटचा घाणा तात्या पुतण्यालाच काढायला सांगतात. तो झारा तिरका धरतो, आपटतो, थांबतो. हात थरथरतोय, चार वड्यांचं आणि लोखंडी झाऱ्याचं वजन काही कमी नसतं. एक जण पुढून म्हणतो, “अरे दे ना लवकर, लोकल आहे.”

“निथळू दे की,” वहिनी म्हणतात.

भाची वही मिटते. घरच्यांसाठी उद्या सहा बांधून न्यायचे आहेत, तर नव्या तेलातला अगदी पहिला घाणा आम्हाला ठेवाल का, असं ती विचारते. तात्या मान हलवतात.

“पहिला नको. कोऱ्या तेलात रंग धरत नाही, फिका येतो. तिसऱ्याला या, पावणेपाचच्या सुमाराला.”

हे पुस्तकातही आहे, ती म्हणते. तेल थोडं वापरात आलं की वड्याच्या ओल्या अंगाला जास्त चांगलं भिडतं आणि रंग नीट येतो. ती तात्यांना ते समजावून सांगायला लागते, पण त्यांनी शेगडी बंद केलीय आणि ते पलीकडच्या पानवाल्याकडे सुटे पैसे मागायला निघालेत.